तिथीचा रकाना

ऑफिसात मला 'घड्याळवाला' म्हणतात. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी संगणकाचं काम बघतो आणि त्यातलं निम्मं काम म्हणजे क्रॉन. क्रॉन म्हणजे काही जादू नाही. सर्व्हरवर एक ओळ लिहायची, तिच्यात पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रकान्यात आकडा टाकला तर तेव्हाच, चांदणी टाकली तर दरवेळी. एकदा ओळ लिहिली की यंत्र ते काम ठरल्या वेळी करत राहतं. त्याला ना सुट्टी लागते, ना चहा. शेतकऱ्यांना फवारणीची आठवण, दुकानदारांना मालाची यादी, साहेबांना सोमवारचा अहवाल, सगळं माझ्या ओळींवर चालायचं. शेजारच्या टेबलावरचा कल्याण म्हणायचा, "हरिओम, तू लग्न पण क्रॉनवरच लावशील." मी हसायचो. खोटं कशाला बोलू, मला माज होता त्याचा.

आई राजूरला एकटी. वडील गेल्यापासून गणपतीच्या रस्त्यावर दुर्वा, फुलं आणि नारळ विकते. जालन्याहून राजूर मोटारसायकलवर पाऊण तास. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं मी अमेरिकेतच होतो.

दोन वर्षांपूर्वी आईला शुगर निघाली. डॉक्टरांनी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची एक गोळी दिली आणि मला बाजूला घेऊन बजावलं, की उपाशीपोटी ही गोळी घेतली तर शुगर एवढी उतरेल की माणूस हातचा जाईल. आता आईची संकष्टी कधी चुकलेली नाही. एरवी तिला चहा, शेंगदाणे चालायचे, पण अंगारकी असली की चंद्र निघेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. तिला समजावणं माझ्या बापाला जमलं नव्हतं, मला काय जमणार! शेवटी डॉक्टरांना विचारून असं ठरलं, की चतुर्थीला सकाळची गोळी बंद. चंद्र बघून जेवायचं आणि मग घ्यायची.

पहिला महिना मी रोज आठ वाजता स्वतः फोन केला. नंतर एकदा झोपून राहिलो, एकदा विसरलो, आणि दोन्ही दिवशी तिची गोळी राहिली. मग मी माझ्या स्वभावाला शोभेल असा उपाय काढला.

0 8 * * *

म्हणजे रोज सकाळी आठ वाजता यंत्राने आईला फोन लावायचा आणि माझा आवाज ऐकवायचा. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी रेकॉर्ड केलं, "आई, हरिओम बोलतोय. नाश्ता झाला का? आता गोळी घे. बरं, ठेवतो." अकरा सेकंद. त्या पाच रकान्यांत तिथीला मात्र जागा नाही. चतुर्थी या महिन्यात सात तारखेला, तर पुढच्या महिन्यात पाचला; ती क्रॉनला कुठल्याच आकड्यात सांगता येत नाही. म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर समोर घेऊन वर्षभराच्या संकष्टीच्या तारखा एका फाइलीत उतरवल्या. त्या तारखेला पहिल्याऐवजी दुसरं रेकॉर्डिंग वाजायचं, "आई, आज चतुर्थी आहे. सकाळची गोळी घेऊ नको."

हे रेकॉर्डिंग आहे हे मी आईला सांगितलं नाही. सांगणार होतो. पण पुढच्या खेपेला गेलो तर ती पुष्पामावशीला, म्हणजे शेजारच्या प्रसादाच्या दुकानवालीला, सांगत होती, "माझा हरिओम एक दिवस चुकत न्हाई. कामाच्या घाईत राह्यतो, पण फोन बराबर आठला." मग कोणत्या तोंडाने सांगू? मला एवढंच म्हणाली, "सकाळी लई घाईत असतो रे तू. मी बोलून राह्यले तर ऐकतच न्हाईस." मी म्हणालो, "नेटवर्कचा घोळ आहे." इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

फाइलीतल्या तारखा डिसेंबरला संपत होत्या. हे मला ठाऊक होतं, मी काही मूर्ख नाही. एकतीस डिसेंबरला सकाळी दहा वाजता मला मेल यावा अशी ओळही मी लिहून ठेवली होती: नव्या वर्षाच्या चतुर्थ्या भर. मेल आला. बरोबर दहाला आला. त्या दिवशी यंत्राचे एकशे चाळीस मेल आले होते, आणि यंत्राचा मेल म्हटला की मी वाचत नाही. सगळे एकदम निवडले आणि पुसून टाकले.

जानेवारीतली पहिली संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी. राजूरला पहाटेपासून गर्दी. पुढचं सगळं मला पुष्पामावशीने सांगितलं.

आई दुर्वांच्या जुड्या बांधत बसली होती. आठला फोन वाजला. हात ओले म्हणून तिने स्पीकरवर टाकला, आणि माझा आवाज म्हणाला, नाश्ता झाला का, आता गोळी घे. मावशीनेसुद्धा ऐकलं.

"अगं केशर, आज अंगारकी. उपाशीपोटी गोळी कशी घेती?"

आईसुद्धा क्षणभर घोटाळली म्हणे. मग म्हणाली, "त्याला काय चतुर्थी ठाऊक न्हाई? दर महिन्याला तोच सांगतो नको घेऊ म्हणून. आज घे म्हणला, म्हंजी डॉक्टरला इचारलं आसन त्यानं."

पाणी प्यायलं तर उपास मोडेल. म्हणून तिने देवळातून आणलेल्या तीर्थाची पळीभर धार तोंडात घेतली आणि तिच्यावर गोळी गिळली. तीर्थाने उपास मोडत नाही.

बाराच्या सुमाराला तिला थंडीत घाम फुटला. गिऱ्हाइकाला ती भलतंसलतं बोलू लागली. मावशीने पेढा आणून तोंडाशी धरला, पाणी धरलं, हातापाया पडली. आईने दात घट्ट आवळले आणि म्हणाली, "चंद्र निघू दे." एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. थोड्या वेळाने ते बोलणंही बंद पडलं आणि ती दुर्वांच्या टोपलीवर कलंडली. उपासाची भोवळ आली म्हणून बायकांनी तिला सावलीत निजवलं, वारा घातला. त्यांना तरी काय दोष देऊ? गोळीचं वर्म मी फक्त आईला सांगितलं होतं. मावशीला सांगितलं नव्हतं, कारण क्रॉन होता ना.

शुद्ध येईना तेव्हा मावशीने जीप बोलावली आणि मला फोन केला; त्या गर्दीतून निघून जालन्याला पोचायला दोन तास लागले. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. आईच्या हातावर कुंकू होतं, आणि मुठीत एक जुडी तशीच.

डॉक्टरांनी मला विचारलं, "चतुर्थीला गोळी नाही हे तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग त्यांना घ्यायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "मी." दुसरं कुणाचं नाव घेणार? बाकावर बसून मी मोबाइलवरून ती ओळ खोडून टाकली.

आई वाचली. लोक म्हणतात, गणपती पावला. तिला उठता येतं, जेवता येतं. दुर्वा दिल्या तर अजून एकवीसची जुडी बांधते, एक काडी कमी नाही की जास्त नाही. पण बराच वेळ मेंदूला साखर मिळाली नाही, आणि त्या वेळात तिच्या डोक्यातलं काय काय पुसलं गेलं, याची यादी कुठलाही डॉक्टर देऊ शकत नाही. पुष्पामावशी आठवते. देव आठवतो. हरिओम नावाचा पोरगा आहे, जालन्याला असतो, हेही आठवतं. फक्त तो पोरगा म्हणजे मी, हे तिला काही केल्या पटत नाही.

मी आता राजूरलाच राहतो, रोज येऊन जाऊन नोकरी करतो. डॉक्टरांनी गोळी बदलून सौम्य दिली, तीही सकाळचीच. पहिल्या दिवशी मी भाकरीचा तुकडा भरवून गोळी पुढे केली, तर तिने तोंड फिरवलं.

"परक्याच्या हातची दवा मी न्हाई घेत. माझ्या पोराचा फोन येऊ द्या, मंग घेईन."

"आई, मीच हरिओम. बघ ना माझ्याकडं."

तिने बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि पदर सावरून जरा लांब सरकून बसली.

चार दिवस गोळीविना गेले. पाचव्या दिवशी मी ती ओळ पुन्हा लिहिली. लिहिताना मी रडलो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रोज आठ वाजता ती भिंतीला टेकून बसते. मी पाण्याचा पेला घेऊन तिच्या बाजूला. फोन वाजतो आणि तिचा चेहरा असा उजळतो, की मला तिकडे बघवत नाही. ती गोळी मुकाट्याने गिळते. अकरा सेकंदांनी फोन कटतो, पण ती तो कानाला लावूनच बोलत राहते, "हां बाळा, घेतली. तू जेवला का? तब्येतीला जप. लई दिवस झाले, एकदा येऊन तर जाय रे..."

परवा मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "आई, आलो ना मी. हा काय, इथंच बसलोय."

तिने हात हळूच सोडवून घेतला. बंद फोनवर तळवा ठेवला, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने मला म्हणाली, "जरा थांबा ना भाऊ. पोराशी बोलून राह्यले."