इनोम उस्ताचे पिस्तूल

पाहुण्यापुढे नान धरावी तसे इनोम उस्ताने पिस्तूल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले.

"घेऊन जा, तोलिब-अका. विका, मोडीत घाला, काय हवं ते करा. माझ्या डोळ्यांसमोर नको."

हे पिस्तूल गोळीचे नव्हे. दाबाखालच्या हवेने पिना ठोकणारे ते यंत्र आहे. कोकंदमधला गादीकाम करणारा प्रत्येक उस्ता, म्हणजे कारागीर, त्याला याच नावाने ओळखतो. दिवाणाच्या चौकटीवर मखमल ताणायची, यंत्राचे नाक लाकडाला टेकवायचे आणि चाप दाबायचा. इनोमचे वडील हेच काम तोंडात खिळे धरून हातोडीने करीत. इनोमने पिस्तूल हाती घेतले, आणि गावातल्या निम्म्या नवऱ्या मुली त्याने मढवलेले दिवाण घेऊन सासरी गेल्या.

यंत्र हातात घेताना मी दुरुस्ती करणाऱ्याच्या सवयीने आधी हवेची नळी पाहिली. ती काढलेली होती. पिनांची पेटी मात्र भरलेलीच होती.

"अर्धं शहाणपण केलंस," मी अकाच्या, म्हणजे मानलेल्या थोरल्या भावाच्या, हक्काने म्हणालो, आणि नाक जमिनीकडे वळवून पेटी रिकामी केली.

"माझ्या जनाज्याला आलात तरी आधी नळी काढलीय का ते बघाल तुम्ही."

"बघेन. तुझा काय भरवसा?"

एरवी या उत्तरावर तो खळखळून हसला असता. त्या दिवशी हसला नाही. अंगणात द्राक्षाचा वेल अजून उघडाबोडका होता. त्याखालच्या बाजेवर तो बसला आणि आपला उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहू लागला.

गेल्या पानगळीत त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. सगळा हिवाळा तो अंथरुणात होता. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला, तर त्याची बायको शरोफत म्हणाली, चेंडू दाबून पोट भरतं का? तिने त्याच्यापुढे कणकेचा गोळा ठेवला. आधी बोटे नुसती रुतत, मग कणीक हलू लागली, आणि थंडी ओसरता ओसरता त्या घरातली नान इनोमच्या हातच्या कणकेची होऊ लागली. बाकीचा हात परत आला होता. चाप ओढणाऱ्या बोटाबद्दल मात्र त्याच्या मनात शंका राहिली होती, आणि आदल्या दिवशी तिची खात्री झाली, असे तो म्हणत होता.

"काय झालं ते नीट सांग. पहिल्यापासून."

"रिश्तान गावच्या लग्नाचा दिवाण. आजारपणानंतरचं पहिलं काम. पाठीची मखमल ताणायला शरोफतने कड धरली होती. मी नाक टेकवलं, एकदा दाबलं. निघाल्या दोन. दुसरी तिच्या बाहीतून आरपार लाकडात. मनगटाला लागूनच, अका. बाही चौकटीला शिवल्यासारखी."

"आणि ती?"

"ती हसली! म्हणाली, चाळीस वर्षांनी आता मी पळून जाईन अशी भीती वाटायला लागली का तुम्हाला? पकडीने पिन उपटली नि परत कड धरायला उभी. एका दाबाला एक पिन, असं हे यंत्र. दोन निघाल्या म्हणजे बोट दोनदा पडलं. बोट कापतं माझं, मला न कळता. उद्या तिचा तळवा ठोकीन मी. ज्या हाताने मला कणीक मळायला शिकवली, तो."

मी वाद घातला नाही. वाद घालून हात बरा होत नाही आणि यंत्रही दुरुस्त होत नाही. बाजेवर चहाची किटली होती. मी इनोमचा पियाला ओढला आणि चहा ओतत राहिलो. अर्ध्यावर थांबलो नाही, पाऊण झाला तरी थांबलो नाही, काठोकाठ भरून तो त्याच्यापुढे सरकवला. आमच्याकडे मान असलेल्या माणसाला चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे 'आता उठा'.

इनोमच्या भुवया चढल्या. "माझ्याच अंगणातून मला घालवताय?"

"उजव्या हाताने उचल."

तो रागाने माझ्याकडे पाहत राहिला. मग उचलला, ओठांपर्यंत नेला, प्याला आणि खाली ठेवला. बाजेवर एक थेंबही पडला नव्हता.

"चहा वेगळा नि चाप वेगळा," तो म्हणाला. "उद्या दुपारी मुलीच्या बापाला सांगून येतो, दुसरा कारागीर बघ म्हणून. तुम्ही ते न्या."

मी न्यायचे ठरवले. पण विकायला नव्हे. निघताना कॉम्प्रेसरजवळ थांबलो. दाबाचा काटा नेहमीच्या खुणेच्या बराच पुढे होता. इनोमने सांगितले की काल सकाळी यंत्र सुस्त वाटले म्हणून दाब वाढवला. सुस्त यंत्राला दाब वाढवून पळवणे म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाला आणखी जेवू घालणे. मी दाब खाली आणला, टाकीच्या बुडाची चावी उघडून हिवाळाभर साचलेले तांबूस पाणी सोडून दिले, आणि मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या: यंत्र सुस्त होते, आणि यंत्राने दोन पिना मारल्या. सुस्तीचा दोष बोटाला देता येत नाही.

घरी माझ्या कामाच्या टेबलावर स्वच्छ कापड अंथरले. त्यावर यंत्राचे डोके उघडून दट्ट्या बाहेर काढला. त्याच्या कडेने पिवळसर, चिकट थर चढलेला होता. चापामागची लहानशी झडपही त्याच थरात रुतली होती: दाबली की आत जाई, परतताना मात्र अडखळे, एवढी की तिच्या परतण्याआधी यंत्र पुन्हा हवेने भरून दुसरी पिन मारी. तेवढ्यात माझी बायको मस्तुरा दारात आली आणि नाक वर करून उभी राहिली.

"पुलाव कोण करतंय?"

"कुणी नाही."

"मग हा वास कसला? कढईत सरकीचं तेल जळल्याचा. तुमच्या या यंत्रात गाजरं कधी घालायची, सांगा म्हणजे चिरून देते."

मी दट्ट्या नाकाजवळ नेला. सरकीचेच तेल होते. इनोमच्या अंगणात चूल आणि कारखाना समोरासमोर, वीस वर्षे त्या अंगणात सरकीच्या तेलाचाच वास. तिथे तो वेगळा कुणाला जाणवणार? हवेच्या यंत्राला रोज काम सुरू करण्यापूर्वी नळीच्या तोंडात पातळ, खास तेलाचे दोन थेंब द्यावे लागतात. खाण्याचे तेल तिथे गेले की हवेच्या झोतात आणि उष्णतेत सुकते, चिकटते, शेवटी लाखेसारखे होते. इनोमला हे पक्के ठाऊक होते. पण इनोम सगळा हिवाळा अंथरुणात होता.

हे कुणाचे काम, ते मला तिथे टेबलाशी बसूनच समजले. आणि समजल्यावर मी हातातला पुसायचा बोळा खाली ठेवला. यंत्र साफ करून गुपचूप परत द्यावे, तर इनोमचा विश्वास बसणार नव्हता. आणि उद्या पुन्हा त्याच तेलाचे थेंब त्यात पडणार होते. खरे सांगावे, तर जिची बाही ठोकली गेली, तिलाच दोष द्यावा लागणार होता.

सकाळी इनोम कालव्याकाठी चालायला जातो, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. त्या वेळी मी, रात्रीच साफ करून जोडलेले यंत्र घेऊन, गेलो. अंगणाचे दार सताड उघडे होते आणि शरोफत चुलीपाशी कांदा चिरत होती. मी इकडचे तिकडचे बोलण्यात वेळ घालवला नाही.

"शरोफत, हिवाळ्यात पिस्तुलाला तेल कोण देत होतं?"

"मी," ती सहज म्हणाली. "का हो अका?"

"कामच नव्हतं तर रोज कशाला?"

तिने सुरी खाली ठेवली. "ते पडले होते ना. हात उचलत नव्हता. भिंतीवर ते यंत्र टांगलेलं, त्याच्याकडे बघत बसायचे दिवसभर. मला वाटलं, माणूस उठेल तेव्हा त्याची वस्तू सुकलेली नको. म्हणून सकाळी उतरवायची, ते टाकायचे तसे दोन थेंब टाकायचे, नळी लावून फळीवर एकदा फुस्स करायचं, पुन्हा टांगायचं. आवाज आला की ते आतून विचारायचे, चालतंय का गं? मी म्हणायची, चालतंय. मग झोपायचे." तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "बाटली मध्येच संपली. दुकान लांब, ह्यांना सोडून जाणार कशी? चुलीवरचं तेल भरलं तिच्यात. तेल ते तेल... नसतं का, अका?"

मी तिला सांगितले. झडप, थर, दोन पिना. शब्द जपून वापरले, पण एकही गाळला नाही. तिने आपली बाही पाहिली. पिनेची दोन भोके तिने तशीच ठेवली होती, रफू केली नव्हती.

"म्हणजे मीच मला ठोकलं," ती हळूच म्हणाली.

"त्याला सांगायलाच हवं असं नाही. मी म्हणेन, थंडीने झालं."

"थंडीने?" तिचा आवाज एकदम चढला. "ते काय खुळे आहेत? ते म्हणतील अका मला समजावतायत, हात माझा गेलाच आहे. नाही! माझी लाज गेली तर जाऊ दे. हात राहू दे त्यांचा."

दारात काठीचा आवाज आला. इनोम परतला होता. थंड हवेने गाल लाल झाले होते. माझ्या हातात यंत्र पाहून त्याने तोंड वळवले.

"विकलं नाहीत?"

"गिऱ्हाईक म्हणालं, आधी चालवून दाखवा."

तेवढ्यात शरोफत उठली, कारखान्यात गेली आणि तेलाची ती लहान बाटली आणून त्याच्यासमोर बाजेवर ठेवली. शेजारी चुलीवरची मोठी बाटली ठेवली. दोन्हींमधले तेल एकाच रंगाचे होते. ती हात पुढे बांधून उभी राहिली.

इनोमने लहान बाटली उघडली. वास घेतला. मोठी उघडली. पुन्हा लहान. मग त्याने तिची बाही धरून जवळ ओढली आणि त्या दोन भोकांवरून अंगठा फिरवला.

"रोज टाकत होतीस?"

"रोज."

"किती थेंब?"

"दोन. तुम्ही टाकायचात तेवढेच. माझंच चुकलं, उस्ता."

"थेंब बरोबर होते," इनोम म्हणाला. आणि मग, जणू एवढ्याने पुरे झाले नाही, पुन्हा म्हणाला, "थेंब अगदी बरोबर होते." त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याच वेळी त्याला हसू फुटले. "मी आत पडलो होतो, आणि बाई माझ्या पिस्तुलाला पुलाव भरवत होती! तरीच परवा गोळ्या दोन-दोन झाडत होतं, पोट भरलेलं!"

"हसता काय! तळवा गेला असता माझा."

"गेला असता," तो एकदम गंभीर झाला. "त्यात माझीही चूक आहे. तू कड हाताने धरलीस आणि मी धरू दिली. वडील असते तर कानाखाली मारली असती."

मी खास तेलाची नवी बाटली बाहेर काढली. इनोमने ती स्वतः घेतली नाही, शरोफतच्या हातात दिली. तिने नळी लावण्यापूर्वी दोन थेंब टाकले, इतक्या काळजीने की जणू बाळाच्या कानात औषध टाकत असावी. मग इनोमने चष्मा चढवला, दाबाचा काटा खुणेवर आहे ना ते पाहिले, नळी जोडली, पेटीत पिना भरल्या आणि एक जुनी फळी टेकवून समोर कुणी नाही याची खात्री करून चाप दाबला.

एक.

पुन्हा दाबला. एक. फळीच्या कडेने तो पिनांची ओळ करत गेला, प्रत्येक दाबाला एक, सरळ आणि सम अंतरावर, हिवाळा मध्ये आलाच नसावा अशी. ओळीच्या शेवटी थांबून त्याने नळी सोडवली, पिस्तूल खाली ठेवले आणि आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"रिश्तानला दुपारी कोण जाणार होतं?" मी विचारले.

"कोण जातंय? कामं पडलीत," तो गुरगुरला आणि मखमलीची गुंडाळी ओढू लागला.

शरोफत कड धरायला पुढे झाली. त्याने हात आडवा केला आणि भिंतीवरून कापड ताणायची रुंद तोंडाची पकड उतरवून तिला दिली. "यापुढे हात नाही. हिने धर. आणि तिकडे नको, माझ्या मागच्या बाजूला उभी राहा."

"मागे उभी राहून ताणू कशी?"

"मग शेजारी. नाकासमोर नको, एवढंच."

ती शेजारी उभी राहिली. मखमल ताठ झाली, आणि अंगणात तो आवाज पुन्हा सुरू झाला जो हिवाळाभर रोज फक्त एकदा होत होता.

दिवाणाची पाठ होईपर्यंत मी थांबलो. मग शरोफतने किटली आणली. मला तिने रीतीप्रमाणे तळाशी थोडासा चहा ओतला. इनोमचा पियाला मात्र ती भरत राहिली, काठापर्यंत, काठाच्याही किंचित वर, चहा फुगून थरथरेपर्यंत.

"अगं, शेजारी बघतायत," इनोम म्हणाला. "म्हणतील, बायको घालवतेय."

"म्हणू दे. उचला."

त्याने उजव्या हाताने उचलला.