मेलेल्या मेकॅनिकचा हुकूम

नवरा जिवंतपणी हुकूम सोडायचा, ते एक वेळ समजू शकतं. पण जाऊन आठ महिने झाल्यावर, परक्या बाईच्या तोंडून? मशीनवालीला ऐकूनच हसू फुटलं. दीर मात्र हात धुऊन मागे लागला होता. “वहिनी, एकदा येऊन तर बघा. दादाला काहीतरी सांगायचंय.”

काय सांगायचं असणार, हे न कळायला ती काय कुकुलं बाळ होती? शिलाई मशीन दुरुस्तीचं नवऱ्याचं दुकान आता ती एकटी चालवत होती आणि दिराला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. त्याचं आडून आडून विचारून झालं, रुसून झालं, चार नातेवाईक मध्ये घालून झाले. ही बधत नाही म्हटल्यावर पठ्ठ्याने थेट मेलेल्या भावालाच मध्ये घातलं.

तरी ती गेली. सासूबाईंसाठी गेली, कारण म्हातारी आठ महिने धड जेवली नव्हती. “त्याचा आवाज एकदा कानावर पडू दे गं,” एवढंच म्हणायची. आणि खोटं कशाला बोला, तिला स्वतःलाही जायचं होतं. नवऱ्याच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची राहून गेली होती.

मेलेल्यांना बोलावणारी ती बाई दुसऱ्या मजल्यावर राहायची. सकाळचे अकरा वाजलेले, तरी पडदे ओढलेले. टेबलावर प्लास्टिकचं कव्हर, कोपऱ्यात घरघरणारा फ्रिज. बाई दिसायला अगदी पोस्टाच्या खिडकीमागे बसल्यासारखी, जाड भिंगांचा चष्मा आणि अंगात स्वेटर. तिने सगळ्यांना टेबलावर हात ठेवायला सांगितले, चष्मा काढला आणि डोळे मिटले. मग तिची मान एकदम डावीकडे कलली.

“अगं ए,” असा आवाज आला. घोगरा, चिडका.

मशीनवालीच्या अंगावर सरसरून काटा आला. बावीस वर्षांत त्याने तिला दुसरी हाक मारली नव्हती.

सासूबाईंनी तर हंबरडाच फोडला. “बाळा! कसा आहेस रे?”

“बरा आहे, आई. गुडघा दुखत नाही आता.” मग आवाज सुनेकडे वळला. “दुकानाची किल्ली धाकट्याला दे. बाईमाणसाने चारचौघांत ग्रीसमध्ये हात घालून बसायचं, बरं दिसतं का ते?”

दिराने दुःखी चेहरा करून हात पुढे केला. मेल्याला जरा दम तरी निघावा!

मशीनवालीने पर्स पोटाशी धरली. दुकान गेलं तर तिच्या हाताला काय उरणार होतं? पुन्हा त्याच चार भिंती. आणि खरंच तोच असेल तर? बावीस वर्षांत त्याचा शब्द तिने एकदाही खाली पडू दिला नव्हता.

“शंका असेल तर विचारा ना वहिनी,” दीर रुबाबात म्हणाला. “फक्त दादालाच माहीत असेल असं काहीतरी.”

हा जास्तीचा शहाणपणा त्याला नडला.

“अहो,” ती त्या मिटल्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, “युनिफॉर्मच्या कारखान्यातलं ते मोठं मशीन कोणी दुरुस्त केलं?”

फ्रिज थांबला. ती टेबलावर पुढे झुकली. हेच तर ऐकायचं होतं तिला! एकदा म्हणा, अहो, एकदाच म्हणा.

बाईच्या घशातून दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

“मी.”

“बघा!” दिराने टेबलावर थाप मारली. “सगळ्या बाजाराला माहीत आहे. तीन मेकॅनिक हात टेकून गेले आणि दादाने चालू केलं. त्यावरच तर नाव झालं त्याचं!”

“मी केलं होतं,” मशीनवाली म्हणाली. “दोरा तुटत होता. चार दिवस हे मशीनच्या पोटातलं शटल खोलत बसले. पाचव्या दिवशी मी डबा द्यायला गेले आणि सुईखालच्या पट्टीवरून नख फिरवलं. भोकाची कड खरबरीत झाली होती. पॉलिश पेपरने घासली, झालं. हे म्हणाले, कुठे बोलू नकोस. नाही बोलले. चौदा वर्षं नाही बोलले!”

दिराची बोबडी वळली. “म्हणजे... हे चुकलं? म्हणजे हा दादा नाहीच?”

“तोच आहे,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. म्हातारीने पदराने डोळे पुसले. “माझाच आहे तो. ऐकलं नाहीस का? खोटं बोलायच्या आधी अस्साच दोनदा खाकरायचा. अगदी लहानपणापासून.”

मशीनवालीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मरूनसुद्धा या माणसाच्या तोंडून खरं निघालं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या मागोमाग असा काही संताप उसळला की तिची भीतीच पळाली.

“मग ऐका,” ती उभी राहत म्हणाली. “किल्ली मिळणार नाही. दुकान मी चालवणार, चारचौघांत ग्रीसमध्ये हात घालून चालवणार. आणि त्या मशीनचं आज सगळ्या बाजाराला सांगणार.”

“वहिनी, दादाचा शब्द मोडताय तुम्ही!”

“मोडला, भाऊजी. फार उशिरा मोडला.”

बाईची मान थरथरली. आवाज आता रडवेला झाला होता. “अगं ए, लोक काय म्हणतील मला?”

“तुम्ही मेलात ना?” मशीनवाली म्हणाली. “मग आता ते मी बघते. तुम्ही जा.”