डोंगराची तिखाडी, नाल्याची तिखाडी

रामाकोना गावाच्या आजूबाजूले यशवंतरावानं शिशीले नाक लावलं का तेलाचा निकाल लागला, असं होतं. तेल म्हंजे तिखाडीचं. डोंगरावर आपोआप उगवनारं गवत ते, चुरगळलं का गुलाबासारखा वास येते. भट्टीवर तांब्याच्या देगीत वाफवलं का तेल सुटते. पन या तिखाडीची एक बहीन हाय, नाल्याकाठची. दिसाले हुबेहूब तशीच, तेल मात्र उग्र, सुंठीसारखं. हिच्या दोन पेंढ्या देगीत घुसल्या तरी यशवंतराव सांगून देये.

हे झालं पहिलेचं. चार वर्सांआधी ताप आला, चौदा दिवस पडून राहिला, अन् उठला तं वास गेलेला. नाक तेवढं जाग्यावर. बाहेर कोनाले बोलला नाही. घरवालीपासून मात्र काय लपनार? मनकर्णानं एक दिवस भात मुद्दाम करपवला, यानं तो गुपचाप खाल्ला, अन् ती समजून गेली.

तेव्हापासून नाक मनकर्णाचं अन् मिशा यशवंतरावाच्या. कोनी शिशी आनली का मनकर्णा ती ठेवाले घेये, बूच ढिलं हाय म्हनून उघडून पाहे, अन् आत जाये. माल खरा असला तं चहा घेऊन येये, नाल्याचा असला तं पानी. यशवंतराव थेंब हातावर चोळे, डोळे मिटे, मुंडी हालवे अन् निकाल देये.

यंदा मात्र त्याची पुतनी आली. अमिता सौंसरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिनं नागपूरले मशीनवर तेलं तपासून आनली होती. तीन शिश्या, वर नुसते नंबर, निकालाचे कागद पाकिटात. मोठ्या बाबाचं नाक मशीनशी जुळते का, हे तिले पाहाचं होतं. यशवंतरावानं चौकात आधीच सांगून ठेवलं होतं का मशीन हारनार. म्हनून शेजारचा भट्टीवाला देवीदास मजा पाहाले येऊन बसला. आज निकाल चुकला तं उद्यापासून आंगनात शिशी येनार नव्हती, हे यशवंतरावाले पक्कं ठाऊक होतं.

त्यानं आधी इचारलं का मशीनले वास येते कसा. अमिता हासली. मशीनले वास येतच नाही, म्हने. तेल म्हंजे एक चीज नाही, पन्नास चीजा. त्या केसासारख्या बारीक, तीस मीटर लांब नळीतून सोडाच्या. हलकी आधी निघते, भारी मागून, अन् जे निघालं त्याची कागदावर टेकडी उमटते.

"म्हंजे जामसांवलीच्या देवळातली लाईन," यशवंतराव म्हनला. "पोट्टे पुढं, म्हाताऱ्या मागून."

"तसंच, मोठे बाबा. तिखाडीत सगळ्यात मोठी टेकडी जिरॅनिऑलची. गुलाबात बी तेच असते."

यशवंतरावानं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. चाळीस वर्स जे गाळून राहिलो, त्याचं नाव आज समजलं.

पहिली शिशी. चहा आला. "डोंगराची." दुसरी. पानी आलं. "नाल्याची." अमितानं कागद काढून पाह्यले, दोन्ही बरोबर. देवीदास मांडी बदलून बसला.

तिसरी शिशी मनकर्णानं एकदा हुंगली, मंग आनखी एकदा. आत गेली. लय वेळ आलीच नाही. आली तं दोन्ही हात रिकामे.

"काय यशवंतराव," देवीदास म्हनला, "नाकाले थकवा आला का?"

यशवंतरावानं त्या रिकाम्या हातांकडं पाह्यलं. काहीबी ठोकून देता आलं असतं. पन मनकर्णाचं तोंड असं झालं होतं जसा आंगनात कोनी अनोळखी पाहुना उभा हाय. तिले काय घावलं, हे त्याले इज्जतीपेक्षा जास्त पाहिजे होतं.

"मले वास येत नाही," तो म्हनला. "चार वर्स झाले. नाक हिचं हाय. सांग वं, काय हाय त्याच्यात?"

देवीदासानं तोंड उघडलं. मंग आपल्या चार वर्सांच्या शिश्या कोनी पास केल्या ते आठवलं, अन् बंद केलं.

मनकर्णानं पदर सारखा केला. डोंगराचीच हाय, म्हने, पन गवतासंगं दुसऱ्याच झुडपाच्या काड्या कापून आल्या. "नाव नाही माहीत मले. बारीक पानाचं असते, बकरी तोंड लावत नाही. तिगावकडच्या टेकडीवर, दगडांच्या आड."

अमितानं तिसरा कागद काढला. गवत तिच्या कॉलेजातल्या पोरींनी तिगावकडूनच कापलं होतं, अन् ते तिनं कोनाले सांगितलं नव्हतं. जिरॅनिऑलच्या टेकडीमागं एक लहानसा उंचवटा होता.

"याचं नाव मशीनच्या यादीत भेटलंच नाही," ती म्हनली. "मोठी आई, ते झुडूप दाखवशीन?"

मनकर्णानं उंचवट्यावर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं शिशी नाकाशी नेली. "एवढुसं? उद्या जाऊ. चप्पल मजबूत घाल."

तिचे हात मोकळे नव्हते, म्हनून यशवंतराव उठून चहा मांडाले गेला. आंगनात दोघींच्या मुंड्या कागदावर वाकलेल्या. जराशानं मनकर्णानं मान वर न करता आवाज देला,

"गॅस कमी करा, दूध लागून राहिलं."