काचेतलं रान

पद्मा कर्णिक मुंबईच्या कलाशाळेत शिकत होती आणि तिथल्या कुणाबद्दलच तिचं मत बरं नव्हतं. मास्तर वर्षभर प्लॅस्टरची ग्रीक नाकं समोर ठेवून काढायला लावत. वर्गातली मुलं ती नाकं भक्तिभावाने घोटत आणि चहा पिताना पॅरिसबद्दल बोलत. त्यांतला कुणी रेवसच्या धक्क्यापलीकडे गेला नव्हता. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात पद्मा किहीमला घरी आली ती या सगळ्याला विटून.

घरी आल्यावर ती रोज किनाऱ्यावर जाऊ लागली. खाडीतल्या तिवराची वाकडी मुळं, कालवं चिकटलेले दगड, सुरूची फळं, समुद्राने झिजवून हाडासारखी पांढरी केलेली लाकडं, असलं सगळं पदरात घालून आणायची. मोठ्या काचेच्या बरण्यांत माती घालून ती हे सामान रचायची आणि भोवती विहिरीच्या आतल्या भिंतीवरचं शेवाळ आणि नेचे लावायची. पहिल्या बरण्या मिठाने मेल्या. मग लाकडं आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं तिला कळलं. आता काचेच्या आत दंव धरायचं, थेंब ओघळायचे, आणि त्या ओल्या हिरव्यातून एखादं मूळ माणसासारखं उठून उभं राहायचं.

मुंबईत फोर्टातल्या कचेरीत कारकून असलेला तिचा थोरला भाऊ सुट्टीवर आला होता. घरात सगळे त्याला भाऊच म्हणत. "बरणीत लोणचं घालतात," तो म्हणाला, "उकिरडा नाही."

तात्या, तिचे वडील, एवढंही बोलले नाहीत. जन्मभर अलिबागेत वकिली केलेला माणूस. विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या कारकुनाजवळून जावं तसे ते त्या बरण्यांजवळून जात.

सगळ्यांत चांगलं रान ओटीवर, झोपाळ्याशेजारी होतं. पसरट काचेच्या भांड्यात तिवराचं एकच मूळ होतं, पाणी भरायला वाकलेल्या बाईसारखं. काच फार धुरकटली की पद्मा सकाळी त्याचं झाकण काढून ठेवायची.

अशाच एका सकाळी पेणचे चौबळ वकील मुलाला घेऊन तिला बघायला आले. स्थळ भाऊने आणलं होतं. मुलगा मनोहर, सरकारी इंजिनियर, देखणा. तो त्या भांड्यावर वाकला आणि थोडा वेळ बघत राहिला.

"ही बाई पाणी भरतेय ना?" त्याने विचारलं.

घरातल्या एकालाही ती बाई दिसली नव्हती. पद्माने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस बरा असेल, असं तिला वाटून गेलं, आणि चहा आणायला ती जरा हलक्या पावलांनीच आत गेली.

ट्रे घेऊन ती दारात आली तेव्हा थोरले चौबळ झोपाळ्यावरून वाकले होते. त्यांनी तोंडातला विडा इकडून तिकडे फिरवला आणि त्या भांड्यात पिंक टाकली. पायाशी ठेवलेली पिकदाणी तशीच कोरडी राहिली. मनोहर बाजूलाच उभा होता. त्याने भांड्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि मग मान वळवून तो बाहेर बघू लागला.

"तुम्ही पाहिलंत ना?" पद्माने त्याला विचारलं.

"काय?"

"आत्ता झालं ते."

"नाही बुवा. माझं लक्ष बाहेर होतं. नारळ छान आहेत हो तुमचे."

"काय झालं काय?" थोरले चौबळ म्हणाले.

"तुमचं काही नाही," पद्मा म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं." तिने ट्रे खाली ठेवला आणि ती आत निघून गेली.

आठवडाभराने भाऊ निरोप घेऊन आला. मुलगी पसंत होती. शाळा सोडायची, एवढंच. "बरण्या एक-दोन आणल्या तरी चालतील म्हणाले. मोठ्या मनाची माणसं आहेत."

"मला तो मुलगा नको," पद्मा म्हणाली.

"एका थुंकीपायी?"

"म्हाताऱ्याचं काही नाही रे. याला ती बाई दिसली होती, भाऊ. त्यानेच मला सांगितलं. आणि तिच्या अंगावर थुंकले तर हा झाडं बघत बसला."

"लाकूड आहे ते!" भाऊ ओरडला. "तात्या, तुम्ही तरी सांगा हिला."

तात्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तो नारळ छान आहेत म्हणाला?"

"हो."

"ओटीवरून बघून?"

"हो ना. त्याचं काय?"

"ओटीसमोर पोफळी आहेत," तात्या म्हणाले. "नारळ सगळे मागे, विहिरीकडे. नाही म्हणून कळव त्यांना."

"आणि कारण काय सांगू?"

"कारण देण्याच्या लायकीची माणसं नाहीत ती. माझ्या ओटीवर चांदीची पिकदाणी होती. नुसती मांडायला ठेवली नव्हती."

भाऊ पाय आपटत निघून गेला. तात्यांनी मग झोपाळ्यावर बसून, गाल फुगवून, थोरले चौबळ बशीतला चहा कसा फुरकत होते ते करून दाखवलं. पद्माला हसू आवरेना. मग तिने मनोहरसारखी मान वळवून दाखवली. आतून तिची आई, अंबिकाबाई, ओरडल्या, "शोभतं का हे, या वयात?" आणि लगेच स्वतःच दारात येऊन म्हणाल्या, "जेवताना कोळंबीचं खडखडलं मात्र पुन्हा पुन्हा मागून घेत होता तो मेला."

त्या घरात बापलेक असे एका बाजूला पूर्वी कधी बसले नव्हते.

भांड्यातलं शेवाळ चुन्याने करपलं होतं. मुळावरचा डाग पद्माने घासून पाहिला. तो गेला नाही. तिने ते मूळ खताच्या खड्ड्यात टाकलं आणि विहिरीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थोडी रडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाडीवर गेली.

डिसेंबरात कलाशाळेच्या प्रदर्शनाला तात्या लाँचने मुंबईला आले. आपण येणार असं त्यांनी कळवलंही नव्हतं. दालनात संस्थानिकांची तैलचित्रं होती, भिंतभर. तात्या प्रत्येकापुढे उभे राहिले आणि प्रत्येकाला "गाढव" म्हणाले, पुरेसं मोठ्याने. पद्माचं काचेचं भांडं शिल्पांत नव्हतंच. मास्तरांनी ते कोपऱ्यात, भरतकामाच्या उशांशेजारी ठेवलं होतं.

तात्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"मला यात काही दिसत नाही," ते म्हणाले.

"बरं," पद्मा म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही.

तात्यांनी शिपायाला हाक मारली. "या उशा उचल इथून. उजेड अडतोय."

"मास्तरांनी ठेवल्यात साहेब."

"मग मास्तरांना बोलाव," तात्या म्हणाले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून तिथेच उभे राहिले.