कोर्ट उठेपर्यंत

पाच वर्षांत कान्हूने पेणच्या कोर्टात एकवीस तारखा बसून काढल्या होत्या, आणि त्यातल्या एकीलाही त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. पट्टेवाला नावं पुकारायचा, अकरा आरोपी हात जोडून उभे राहायचे, मोजणीदार साक्षीला आलेला नाही असं कळायचं, की पुढची तारीख घेऊन सगळे धरमतरच्या बाजूला परत. कान्हू दर तारखेला इस्त्रीचा सदरा घालायचा. लग्नातसुद्धा एवढा नटला नव्हता, असं त्याची बायको हौसा शेजारणींना सांगायची.

गुन्हा सरकारी कामात अडथळा आणल्याचा. जेटीच्या रस्त्याची मोजणी करायला मोजणीदार नेमका अमावास्येला आला, आणि उधाणाचं पाणी शेतं राखणाऱ्या खारबांधाला टेकलेलं असताना त्याने बांधात लोखंडी खुंट्या ठोकायला घेतल्या. ऐन भरतीत बांधाला बोटभर भोक पडलं तर सांजेपर्यंत त्यातून बैल जाईल, हे खाडीकाठी कोणाला शिकवावं लागत नाही. कान्हूने खुंट्या उपटल्या आणि मोजणीच्या साखळीवर बसकण मारली. शेजारी त्याचा मुलगा धनेश बसला, मग आणखी नऊ जण. शेतं वाचली, केस लागली.

आता सत्त्याण्णव साल. धनेश रोह्याच्या एका कंपनीत चार वर्षं हंगामी होता. कायम करायच्या यादीत त्याचं नाव आलं, आणि महिन्याभरात पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणायला सांगितलं. केस चालू असताना दाखला कसला मिळणार, म्हणून कान्हू त्यांची केस बघणाऱ्या महिपती वकिलाकडे गेला.

अडथळ्याच्या केसी कशा संपतात ते वकिलाने पान लावता लावता सांगितलं. साक्षीदार आलाच नाही तर केस आपोआप पडते, पण कधी पडेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. आरोपीने गुन्हा कबूल केला तर त्याच दिवशी निकाल. किरकोळ दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. कबुली कागदावर राहते, हेही तो म्हणाला, पण पानाचा तोबरा भरल्यावर म्हणाला.

धनेशला ते पटेना. मोजणीदार रिटायर होऊन रोह्यातच राहत होता आणि आपल्याला काही आठवत नाही असं चहाच्या टपरीवर उघड सांगत होता. "बाबा, थांबू या," तो म्हणाला. "कंपनीवाल्यांना मी समजावतो."

पण कान्हूचा हिशेब गावकीचा होता. बांधाच्या सभेत चूक झालेल्याने उभं राहून 'दोष माझा' म्हणायचं. घरातल्या थोरल्याने म्हटलं की घर मोकळं, गोष्ट पुसली. कान्हूने जन्मात तीनदा असा दोष घेतला होता, त्यातला एक तर दुसऱ्याच्या म्हशीचा. तिन्ही वेळा गावात त्याचा मान वाढलाच होता.

"दोष बोलून टाकला का संपला," तो मुलाला म्हणाला. "तुझा दाखला कोरा करून देतो."

बाविसाव्या तारखेला नावं पुकारल्यावर तो दोन पावलं पुढे झाला. "सायेब, समद्यांचा दोष माझा हाय. यांना सोडा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. इथे ज्याचं त्याने सांगायचं, दुसऱ्याचं चालत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं आणि एकेकाला विचारायला घेतलं. धनेशची पाळी आली तेव्हा तो बापाकडे पाहत राहिला. भर कोर्टात नाही म्हणायचं म्हणजे बापाचा शब्द खाली पाडायचा.

"कबूल," तो म्हणाला.

बाकीच्यांनीही तेच म्हटलं, आणि दंड भरून संध्याकाळपर्यंत अकराही जण मागच्या बाकांवर बसून होते. कोणीतरी शेंगदाणे आणले. एवढ्यावर सुटलो म्हणून कान्हू खुशीत होता. धनेशने शेंगदाण्याला हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी दाखला आला. सरकारी कामात अडथळा, गुन्हा कबूल, शिक्षा भोगली, असं त्यावर टाइप केलेलं होतं. ते पुसून मागायला कान्हू पुन्हा वकिलाकडे गेला.

"मी खोटा बोललो असं लिवा," तो म्हणाला.

"कान्हूशेठ, पाच वर्षं कोर्टाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं," महिपती म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत. त्यांनी विश्वास ठेवला."

मग कान्हू सदरा घालून रोह्याला गेला. कंपनीच्या साहेबाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. केस नुसती चालू असती तर सहा महिने थांबलो असतो, असं म्हणाला. शिक्षा झालेल्याला कायम करता येत नाही, तसा नियम आहे. यादीतल्या पुढच्या माणसाला, हमरापूरच्या निकेशला, पत्र गेलंसुद्धा.

धनेश गेटजवळ उभा होता. बापाच्या तोंडावरूनच त्याला कळलं.

"पाचची गाडी हाय, बाबा. ती गावंल तुम्हाला," तो म्हणाला. "माझी शिफ्ट हाय."

आणि हंगामी कामगारांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.