पाच रेषांची शिकवणी

डॉक्टरांनी सांगून टाकलं, वर्षभरात बाबांचे दोन्ही कान पूर्ण जातील. बाबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, तेही जन्मभर नुसतं ऐकून. कागदावरच्या संगीताशी त्यांचा छत्तीसचा आकडा. मी शाळेत पियानो शिकवते. मला पान दिसलं की सूर डोक्यात वाजतात. म्हटलं, बाबांना वाचायला शिकवू. कान गेले तरी गाणं राहील.

"पाच रेषा, मधे चार घरं," मी सांगितलं. "ठिपका जितका वर, तितका सूर उंच. पोकळ ठिपका लांबतो, भरलेला लवकर संपतो."

"आणि हे वाकडंतिकडं?"

"तिथे गप्प बसायचं."

"मग आधी तुझ्या आईला शिकव," बाबा म्हणाले. कांदा चिरता चिरता आईही हसली.

थोड्याच दिवसांत ते पानंच्या पानं वाजवायला लागले. मी हरखले, मग शंका आली. नेहमीसारखी एक ओळ आधी गुणगुणून दाखवताना मी मुद्दाम शेवटचा सूर चुकवला. बाबांनी तो चुकीचाच सूर इमानेइतबारे वाजवला. पानाकडे बघतंय कोण! सगळं माझं ऐकून चाललं होतं.

"फसवताय कुणाला?" मी ओरडले. "कान तुमचे जाणारेत, माझे नाहीत!"

बाबांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "ऐकू येतंय तोवर ऐकू दे की गं," ते म्हणाले. मग म्हणाले, "उद्यापासून बघून वाजवतो."

आणि खरंच, एकेका ठिपक्यावर बोट ठेवून ते शिकले. कान मात्र कुणासाठी थांबले नाहीत. हिवाळा सरला तेव्हा मी हाक मारली तरी ते खिडकीबाहेरच बघत राहायचे.

एका सकाळी त्यांनी नवंकोरं पान, एकेका सुराचं नाव घेत, बिनचूक वाचलं. मी कागदावर लिहिलं, 'डोक्यात ऐकू येतंय?'

"नावं येतात," ते म्हणाले. "सूर येत नाही. एकही नाही."

जे काम जन्मभर कानांनी केलं, ते या वयात डोळ्यांना जमलं नव्हतं. आता शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात आई बाजारातून आली. पान बघून तिचा चेहरा खुलला. "ऐकू येतंय ना गं त्यांना?"

मी बाबांकडे वळले. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मान डोलवायला लागले. आई हातातल्या पिशवीसकट खाली बसली आणि रडली.

"बरं झालं बाई, शिकवलंस," ती म्हणाली.

पान संपलं. आई बघत होती, बाबांची मान डोलतच होती, म्हणून मी त्यांच्यापुढे दुसरं पान ठेवलं.