पडद्याला आईचं नाव

हारिस आणि बद्रीनाथ, बीडचे दोघे जिवलग दोस्त. दोघांनी मिळून नेकनूरच्या एसटीच्या वेळा सांगणारं ॲप काढलं. ते जरा कुठं चालायला लागलं, तोच बद्रीनाथ मोटारसायकलच्या अपघातात गेला. काय म्हणावं याला! मागं राहिला हारिस, ते ॲप आणि नेकनूरला एकटी पडलेली बद्रीनाथची आई, छबुबाई.

पुढं एका कंपनीनं ॲप विकत मागितलं. आतली नावं मात्र त्यांच्या रीतीनं करून हवी होती. हारिस हो म्हणून बसला आणि त्यानं पडद्यांची यादी असलेली फाईल उघडली. ॲपचा एकेक पडदा, म्हणजे स्क्रीन, आत एकेक क्लास असतो, कोडचा एक तुकडा. या फाईलीत त्याचं पूर्ण नाव लिहावं लागतं, आधी पॅकेज, मग टिंब, मग क्लास. गाव सांगून माणसाचं नाव सांगावं तसं. फोन त्याच नावानं पडदा शोधतो. पहिल्या पडद्याचं नाव बद्रीनाथनं ठेवलं होतं, छबुबाई. तेव्हा हारिस पोट धरून हसला होता. आज तेच नाव त्याला पुसायचं होतं.

नाव बदललं की लोकांनी फोनवर समोर मांडलेलं, ॲप उघडायचं चित्रही जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं मन घट्ट केलं, नाव बदललं आणि ॲप देऊन टाकलं.

नवं ॲप फोनाफोनात पोचलं, तसा तो नेकनूरला गेला. छबुबाईनं फोन पुढं केला.

"बद्रीनं मांडून दिलेलं एसटीचं चित्र गेलं बघ. मला वाचता येत न्हाई, मी रोज तिथंच बोट ठिवते."

हारिसनं चित्र शोधून जागेवर लावलं. तेवढ्यावर गप बसला असता तर चाललं असतं, पण त्याला राहवेना.

"मावशी, आत बद्रीनं तुमचं नाव लिवलं होतं. त्याच नावानं हे उघडायचं. मी ते काढलं."

"माझं? समद्यांच्या फोनात?"

"व्हय."

"मला कावून न्हाई सांगितलं त्यानं?"

"लाजायचा."

छबुबाईनं चित्रावरनं बोट फिरवलं. "मग परत लिव की, बाळा."

"आता ॲप आपलं न्हाई, मावशी." हे सांगताना हारिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग चित्र बी काढ," ती म्हणाली. "त्यात नाव न्हाई तर बोट कशाला ठिवू? मला कुठं एसटीनं जायचं हाय."